गेटवेला शिकलेलं सेलिंग फुकेतला किती पुरतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईचे सहा मित्र, चाळिशीच्या आसपासचे. त्यातल्या दोघांनी गेटवेसमोर कीलबोटीचा (तळाला जड कणा असलेल्या शिडाच्या बोटीचा) बेसिक कोर्स केलाय आणि त्यानंतर रविवारी जमेल तसं सेलिंग चालू ठेवलंय. बाकीचे हौशी; दोघांना पोहता येत नाही. जानेवारीअखेर आठवडाभर बोट भाड्याने घेऊन बेटाबेटांतून फिरायचं आहे, शक्यतो स्किपर (बोट चालवणारा कप्तान) न घेता. अंदमान, लक्षद्वीप, मालदीव, सेशेल्स, थायलंड अशी यादी आहे. कुठे जावं, आणि तयारी काय करावी?

मी मुंबईत सेलिंग शिकवतो आणि हिवाळ्यात असे ग्रुप घेऊन थायलंडमधल्या फुकेतच्या बाजूला जातो. उत्तर आधीच सांगून टाकतो: जानेवारीत फुकेत, चार केबिनची कॅटामरान (दोन सांगाड्यांची बोट), आणि पहिल्या खेपेला निदान सुरुवातीचे दोन दिवस तिथला स्किपर सोबत. आता यातल्या प्रत्येकाचं कारण.

आधी यादीतली नावं खोडू. अंदमान आपलंच असल्यामुळे सगळ्यांचं मन तिथे जातं. पण थायलंडसारखा, नुसती बोट ताब्यात द्यायचा धंदा तिथे उभा राहिलेला नाही. बराचसा भाग आदिवासी राखीव क्षेत्र किंवा राष्ट्रीय उद्यान आहे, आणि नॉर्थ सेंटिनेलच्या भोवती तर पाच सागरी मैलांच्या आत फिरकायलाच बंदी आहे. हॅवलॉक आणि नील, म्हणजे आताची स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, फेरीने जाऊन छान बघता येतात. ती वेगळी सहल. लक्षद्वीपला आपल्यालाही आधी परवाना काढावा लागतो, आणि कोचीपासून अगत्ती साडेचारशे किलोमीटरहून जास्त. मधे आडोसा काहीही नाही. त्याला बेटांमधली भटकंती म्हणत नाहीत, तो खुल्या समुद्रातला पल्ला आहे. मालदीवमध्ये बोटी बहुतेक खलाशांसकटच मिळतात आणि ते बरंच आहे, कारण प्रवाळकड्यांच्या खिंडींतून पाणी असं धावतं की नवख्याने तिथे सुकाणू धरूच नये.

सेशेल्स मात्र सोडवत नाही. माहे, प्रालाँ, ला दीग ही आतली बेटं एकमेकांच्या जवळ आहेत, माहे ते प्रालाँ पंचवीसेक सागरी मैल, आणि विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असल्यामुळे चक्रीवादळांचा पट्टा बाजूने जातो. पण जानेवारी हा तिथला ऐन पावसाचा महिना. वायव्येचा वारा, दाटलेलं आभाळ, आणि प्रालाँचा आँस लाझिओसारखा प्रसिद्ध किनारा नेमका त्या वाऱ्याच्या तोंडाशी. तुम्हाला एप्रिल किंवा ऑक्टोबर जमणार असता तर मी डोळे मिटून सेशेल्स म्हटलं असतं. जानेवारी ठरली असेल तर नाही.

फुकेतचं गणित साधं आहे. आपल्याकडे मेअखेर बोटी वर ओढायला लावणारा नैऋत्य मोसमी वारा त्यांनाही मे ते ऑक्टोबर झोडपतो. नोव्हेंबरपासून वारा फिरतो, ईशान्येचा होतो, आणि तो जमिनीवरून येतो. थायलंडचा लांबट भूभाग पूर्वेला आडवा असल्यामुळे लाटेला वाढायला जागाच मिळत नाही. शिडात वारा भरपूर आणि बोटीखाली पाणी सपाट, असा योग दर समुद्रात येत नाही. शिवाय बेटं दाट आहेत. एका ठिकाणी मन रमलं नाही तर तासा-दीड तासात दुसरा आडोसा सापडतो.

आता मुद्द्याचं. मुंबईत शिकलेल्या माणसाला काय येतं आणि काय येत नाही, हे त्याला स्वतःला सहसा ठाऊक नसतं. भरती-ओहोटी आपल्या अंगात भिनलेली असते. मोठ्या उधाणाला मुंबई बंदरात पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं; तेवढ्या पाण्यात वाढलेल्याला फुकेतची अडीच-तीन मीटरची भरती घाबरवत नाही. जहाजांच्या वाटेतून निसटणं, डोल जाळ्यांचे बोये ओळखून वळसा घालणं, दुपारी वायव्येचा वारा उठला की शीड वेळेत आखडतं घेणं, हे सगळं रविवारच्या सेलिंगमध्ये आपसूक होतं. मासेमारीच्या सरावल्या नजरेचा तर तिथे फार उपयोग होतो. तिथेही बाटल्या, थर्माकोलचे तुकडे, बांबू आणि झेंडे लावलेली जाळी ठायी ठायी असतात.

येत नाहीत त्या गोष्टी दोन: नांगर टाकणं आणि पाण्यात बघणं.

नांगराचं म्हणाल तर कारण उघड आहे. गेटवेसमोर बोट मूरिंगवर, म्हणजे तळाशी कायमच्या जखडलेल्या बोयाला बांधलेली असते. आपण जातो, दोर सोडतो, तीन तास फिरतो, परत येऊन त्याच बोयाला बांधतो आणि चहाला निघतो. रात्रभर बोट सांभाळायचा प्रसंगच येत नाही. कोर्सला येणारे बरेच जण मोठ्या सफरींच्या गोष्टींनी भारावलेले असतात. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले, अभिलाष टॉमींनी २०१२-१३ मध्ये तीच बोट कुठेही न थांबता फिरवून आणली. अभिमान वाटावा असंच ते आहे. पण टॉमींचं कसब न थांबण्यात होतं, तुमचं सगळं कसब थांबण्यात आहे. सात दिवसांच्या सफरीत शीड चुकीचं लावलं तर बोट हळू जाईल, बस्स. नांगर चुकीचा पडला तर मध्यरात्री तुम्ही शेजारच्या बोटीवर किंवा खडकावर असाल.

म्हणून हे जरा सावकाश सांगतो. समजा तुम्ही ओहोटीच्या तळाला एका खाडीत शिरलात. खोली दाखवणारा साउंडर ४ मीटर म्हणतो. भरतीला अजून अडीच मीटर पाणी चढणार आहे. बोटीच्या पुढच्या टोकाला जिथून साखळी खाली उतरते तो रोलर पाण्यापासून दीड मीटर वर आहे. ४ अधिक अडीच अधिक दीड, म्हणजे ८. त्याच्या पाचपट साखळी सोडायची: ४० मीटर. साउंडरवरच्या चाराला पाचने गुणून २० मीटर सोडणारा माणूस संध्याकाळी निर्धास्त असतो आणि रात्रीच्या भरतीला घसरायला लागतो. उलट बाजूनेही बघा. भरतीला शिरलात, साउंडरवर तेच ४ मीटर. पाणी अडीच मीटर उतरलं की उरतं दीड. कॅटामरानचा तळ पाण्याखाली साधारण सव्वा मीटर असतो. म्हणजे राहिलं वीतभर, आणि खाली एखादा खडक असेल तर तेही नाही. साउंडर पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतो की बोटीच्या तळापासून, हे बोट ताब्यात घेतानाच विचारून घ्या. प्रत्येक बोटीवर ते वेगळं लावलेलं असतं.

टाकायची रीत अशी. वाऱ्याकडे तोंड करून सावकाश यायचं, बोट थांबली की नांगर तळाला टेकवायचा, आणि वाऱ्याने बोट मागे सरेल तशी साखळी सोडत जायची. सगळी साखळी एकाच जागी ढीग करून ओतायची नाही. ढिगावर नांगर धरत नाही. ठरलेली साखळी सुटली की दोन्ही इंजिनं रिव्हर्समध्ये, आधी हळू, मग जोर वाढवत. त्या वेळी किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, जवळचं एखादं झाड आणि मागचा कडा. त्या एकमेकींवरून सरकायला लागल्या तर तुम्ही घसरताय. पुढे उभ्या असलेल्याने साखळीवर पाय किंवा हात ठेवून बघावं: नांगर धरला असेल तर ती ताठ आणि शांत लागते, घसरत असेल तर गडगड अशी थरथर वर येते. मग साखळीचा भार ब्रायडलवर, म्हणजे बोटीच्या दोन्ही बाजूंना बांधलेल्या दोरांवर घ्यायचा, म्हणजे विंडलासवर (साखळी ओढणाऱ्या यंत्रावर) ताण राहत नाही. फोनवर अँकर अलार्म लावायचा. हे सगळं झालं की पाणी स्वच्छ असेल तर मास्क लावून खाली जाऊन नांगर डोळ्यांनी बघून यायचं. बिअर त्यानंतर. नांगर धरेपर्यंत बोटीवर कुणी पीत नाही, हा नियम माझ्याकडे चर्चेला नसतो.

नांगर प्रवाळावर टाकायचा नाही, वाळू किंवा चिखल शोधायचा. तो नुसता नियम नाही. प्रवाळात अडकलेला नांगर सकाळी सुटत नाही आणि शेकडो वर्षांचं प्रवाळ साखळी एका रात्रीत झाडून टाकते. राष्ट्रीय उद्यानांत मूरिंगचे बोये असतात, ते वापरा, पण त्याचा दोर खाली किती कुजलाय हे आधी पाण्यात उतरून बघा.

याचा सराव मुंबईत होतो. गेटवेहून तासांवर मिळणारी एखादी बोट अर्ध्या दिवसासाठी घ्या, गाणी-केक नको म्हणून सांगा, आणि तिच्या तांडेलाशी आधीच बोलून मांडव्याच्या बाजूला मोकळ्या पाण्यात दहा वेळा नांगर टाका आणि उचला. तांडेलाला गंमत वाटेल. वाटू दे. त्याच्याकडून मिळणाऱ्या दोन गोष्टी कुठल्याच कोर्सात नसतात.

दुसरी गोष्ट पाण्यात बघण्याची. मुंबईचं पाणी वर्षभर गढूळ. हातभर खालचं दिसत नाही, त्यामुळे आपण चार्टवर (समुद्राच्या नकाशावर) आणि साउंडरवर विसंबून राहायला शिकतो. स्वच्छ पाण्यात हीच सवय नडते. तिथे रंग वाचायचा असतो. गडद निळं म्हणजे खोल. हिरवट निळं म्हणजे पाच-दहा मीटर, खाली बहुधा वाळू. फिकट, दुधाळ हिरवं म्हणजे वाळू वर येतेय, वेग कमी. तपकिरी किंवा पिवळसर डाग म्हणजे प्रवाळ किंवा खडक, आणि तो डाग किती खाली आहे याचा अंदाज बांधत बसायचं नाही, सरळ वळसा. ढगाची सावलीही तपकिरी दिसते, पण ती सरकते. हे सगळं सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असेल तरच दिसतं. चार-साडेचारनंतर पश्चिमेकडे तोंड करून शिरलात तर समोर नुसती चकाकी. पोलराइज्ड गॉगल हा इथे शोभेचा नसतो. एक जण पुढे उभा, हाताच्या खुणा आधी ठरलेल्या, कारण इंजिनाच्या आवाजात ओरडलेलं मागे पोचत नाही.

स्क्रीनवरच्या चार्टबद्दल एवढंच सांगतो. २९ नोव्हेंबर २०१४ ला व्होल्वो ओशन रेसमधली 'टीम व्हेस्टास विंड' ही बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराजोस या प्रवाळरांगेवर पूर्ण वेगात चढली. जगातले निवडक खलाशी, हाताशी उत्तमातली उत्तम साधनं. सगळे नऊ जण वाचले, बोट फाटली. चार्टवर ती रांग होती, पण झूम कमी ठेवल्यावर ती धोका म्हणून डोळ्यांत भरत नव्हती. तेव्हा रोजचा मार्ग ठरवला की तो पूर्ण झूम करून, बोट सरकवत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा बघायचा. पाच मिनिटांचं काम आहे. काळोखात तर चालवायचंच नाही. भाड्याच्या बहुतेक करारांतही सूर्यास्तानंतर बोट हलवायला मनाई असते. तिथे साडेसहाला सूर्य गेला की संधिप्रकाश असा उरतच नाही. दुपारी तीनपर्यंत नांगर, हे धोरण ठेवा. पहिली खाडी भरलेली निघाली तर दुसरीकडे जायला उजेड उरतो.

या दोन उणिवा धरूनच मी मार्ग सुचवतो. पहिले दोन दिवस फांग न्गाच्या उपसागरात. पाणी उथळ, हिरवट गढूळ, तळाला चिखल, वर भरती-ओहोटी: मुंबईकराचं माहेरच. पाण्यातून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे कडे तेवढे आपल्याकडे नाहीत. को पनाकसारख्या बेटांच्या पोटात छप्पर कोसळलेल्या गुहा आहेत, त्यांना तिथे हाँग म्हणतात. कायाकने बोगद्यातून आत शिरायचं, आत चारी बाजूंनी कडे आणि वर आभाळ. पण भरतीचं वेळापत्रक बघूनच जायचं, कारण पाणी चढलं की बोगद्याचं तोंड बुजतं आणि ते उतरेपर्यंत तुम्ही आत. इथे चिखल नांगर घट्ट धरतो, म्हणून शिकायला ही जागा उत्तम. स्किपर याच दोन दिवसांसाठी घ्या. त्याने स्वतः काही करू नये, तुम्ही करताना बघावं, असं आधीच सांगून ठेवा.

मग को याओ नोई, तिथून क्राबीच्या बाजूला राइलेचे कडे, आणि नंतर दक्षिणेला फी फी. इथे पाणी निवळत जातं आणि रंग वाचायची वेळ येते. फी फीच्या मुख्य धक्क्यासमोरच्या खाडीत दिवसभर स्पीडबोटी आणि फेऱ्या ये-जा करतात, लाटांनी बोट हलत राहते. संध्याकाळी जा किंवा जाऊच नका. माया बे हा तिथला सगळ्यात गाजलेला किनारा. गर्दीने प्रवाळ मेलं म्हणून २०१८ मध्ये तो बंद केला, २०२२ च्या जानेवारीत उघडला, पण खाडीत बोटी नेऊ देत नाहीत. मागच्या बाजूने उतरून चालत जावं लागतं. तिथे एक सकाळ पुरे, आणि ती लवकरची. शेवटी वारा पाहून राचा याई, तिथलं पाणी काचेसारखं, आणि परत. वारा पूर्वेचा-ईशान्येचा म्हणून रात्रीचा आडोसा बेटांच्या पश्चिम बाजूला शोधायचा, एवढं लक्षात ठेवलं की निम्मे निर्णय झाले. रात्री क्षितिजावर हिरव्या दिव्यांचा झगमगाट दिसेल. त्या माकूल धरणाऱ्या बोटी.

दिवसाला एकच उडी, दोन ते चार तासांची. सात दिवसांत बारा बेटं असा तक्ता घेऊन येणारे असतात, त्यांना मी स्पीडबोटीची टूर घ्यायला सांगतो. आणि एक दिवस कोराच ठेवा. परत द्यायच्या आदल्या संध्याकाळी बोट कंपनीच्या धक्क्याजवळ आलेली हवी. विमान गाठायच्या घाईत माणसं भलत्या वाऱ्यात निघतात.

बोट कॅटामरानच का? मी स्वतः मोनोहल (एकाच सांगाड्याची बोट) पसंत करतो. ती कलते, वाऱ्यावर चढते, सुकाणूवर हाताला काहीतरी कळतं. पण सहांपैकी चौघं नवखे असताना माझी आवड तुमच्यावर लादणार नाही. कॅटामरान कलत नाही, उथळ पाण्यात जाते, दोन इंजिनांमुळे जागच्या जागी वळते आणि सकाळी सहाही जण एकमेकांना धक्का न देता चहा पितात. बदल्यात ती वाऱ्याच्या विरुद्ध चढताना रडते आणि मरीनात वारा तिला ढकलत नेतो. चाळीस फुटी घेतली तर रुंदी सहा-सात मीटर होते, ती आपल्या कीलबोटीच्या अंदाजाने पार्क करायला जाऊ नका.

कागदपत्रांत कंपन्या सेलिंगचा अनुभव लिहून मागतात. आरवायए या ब्रिटिश संस्थेचा डे स्किपर किंवा एएसए या अमेरिकन संस्थेचा १०४ हा कोर्स केलेला असेल तर बोलणं सोपं होतं. बेसिक कीलबोटीवर बहुतेक जण स्किपर घ्यायलाच सांगतील, आणि त्यात अपमान काही नाही. स्किपरला वेगळी झोपायची जागा आणि तुमच्याबरोबर जेवण द्यावं लागतं, ते हिशेबात धरा. थायलंडला जाण्याआधी डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकिटाआधी बघा. ग्रुपमध्ये कुणी व्हेप ओढत असेल तर ते मुंबईतच ठेवून यायला सांगा; तिथे त्यावर बंदी आहे आणि दंड खराखुरा होतो.

पैशांचं एक सांगतो, कारण मैत्री इथे तुटते. बोटीची अनामत मोठी असते आणि ती एकाच्या क्रेडिट कार्डवर अडकवतात. नांगर हरवला, डिंगीचा (किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीचा) प्रोपेलर खडकाला लागला, की कापली जाते त्याचीच. नुकसान कुणाच्याही हातून झालं तरी सहा समान भाग, हे निघायच्या आधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहून सगळ्यांचं 'हो' घ्या. अनामतीचा विमा मिळत असेल तर घ्या. डिझेल, उद्यानांची फी आणि बाजारहाट यांसाठी सुरुवातीलाच वर्गणी काढून रोख एकाकडे द्या. उद्यानाचा माणूस होडीतून येतो आणि त्याला जीपे चालत नाही.

बोट ताब्यात घेताना कंपनीचा माणूस दोन-तीन तास सगळं समजावतो. तोपर्यंत तुम्ही रात्रीच्या विमानाने दमलेले असता आणि माना डोलावता. एकाने पूर्ण व्हिडिओ काढावा. विंडलास चालवून बघा, साखळीवर किती मीटरवर कुठली खूण आहे विचारा, डिंगीचं इंजिन स्वतः ओढून चालू करा, गॅसचा बंद करायचा कॉक कुठे ते हात लावून बघा.

बोटीवर कप्तान एकच. हे मित्रांमध्ये कठीण जातं, कारण शाळेपासून ज्याला चिडवलं तो आता 'दोर सोड' म्हणतो. आमच्याकडे वाटणी अशी असते: कुठे जायचं, काय खायचं, किती वाजता उठायचं यावर सगळे भांडोत. निघायचं की नाही, शीड किती ठेवायचं, नांगर इथे की तिथे, यावर मतदान नाही. कप्तानानेही ओरडायचं नाही. सकाळी चहाबरोबर दहा मिनिटं आजचा वारा, आजचं अंतर, आज कोण काय करणार, एवढं बोललं की दिवसभराची निम्मी चिडचिड टळते. ज्याला काहीच काम दिलेलं नसतं तोच तिसऱ्या दिवशी कंटाळतो आणि कुरकुरतो. प्रत्येकाला काहीतरी हातात द्या, मग ते डिंगीचा दोर सांभाळणं का असेना.

टॉयलेटबद्दल संकोच न करता पहिल्या दिवशी बोला. नळ्या अरुंद असतात. पोटातून गेलेलं सोडून आत काहीही टाकायचं नाही, टिश्यूपेपरही नाही, त्याची वेगळी पिशवी. सफरीत सगळ्यात जास्त वेळा हेच बंद पडतं आणि ते उघडायला कप्तानालाच बसावं लागतं.

पाणी काटकसरीने. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने, शेवटचं खळबळणं गोड्या पाण्याने. पोहून आल्यावर मागच्या पायरीवर शॉवर, तोही अंग ओलं करून बंद करायचा. घरून लहान प्रेशर कुकर न्या. झाकण बंद असल्यामुळे बोट हलली तरी काही सांडत नाही आणि गॅस वाचतो. खिचडी, पोहे, उपमा, कांदा-बटाटा, लोणचं यावर आठवडा सुखाने जातो, मधूनमधून किनाऱ्यावर जेवायला जायचं. ग्रुपमध्ये कुणी कडक शाकाहारी असेल तर एक लक्षात घ्या, तिकडे भाजीतही माशाचा सॉस घालतात. मागवताना 'जे' असं सांगितलं की बिनमांस-मच्छीचं मिळतं. किराणा बोटीवर चढवताना पुठ्ठ्याचे खोके धक्क्यावरच टाका. त्यांच्या घड्यांतून झुरळं येतात आणि मग ती तुमच्याबरोबर सफर करतात.

बोट लागण्याचं औषध लागायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो. अॅव्होमिन वगैरे चालतं का ते आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि ज्याला त्रास होतो त्याने आदल्या रात्रीच सुरू करावं. झोप येते, त्यामुळे कप्तानाने घेऊ नये. उलटी होतेय म्हणून खाली केबिनमध्ये जाऊन पडणं सगळ्यात वाईट. वर, वाऱ्यात, क्षितिजाकडे बघत बसायचं, शक्यतो सुकाणू हातात देऊन. बॉक्स जेलीफिश तिथल्या पाण्यात असते, म्हणून पूर्ण बाह्यांचे घट्ट कपडे घालून पोहा आणि व्हिनेगरची बाटली हाताशी ठेवा. डंखावर व्हिनेगर ओतायचं, चोळायचं नाही.

आता न पोहणाऱ्या दोघांचं. जाऊ शकतात, बिनधास्त. पण तीन महिने हातात आहेत तर शिवाजी पार्कच्या तलावात नाव घाला. चार प्रकारचे स्ट्रोक शिकायची गरज नाही. पाण्यावर उताणं पडून पाच मिनिटं श्वास घेता आला की पुरे, कारण घाबरून हात-पाय मारणाराच दमतो. तिथे गेल्यावर त्यांच्यासाठी फोमचं जॅकेट मागा, फुगणारं नको, आणि ते पायांमधून पट्टा घेऊन अंगावर बसतंय का ते पाण्यात उतरून बघा. बोट चालू असताना ते दोघे डेकवर असले की जॅकेट अंगावर. पोहायला उतरण्याआधी इंजिन बंद, किल्ली काढलेली, शिडी खाली सोडलेली, आणि मागे तीसेक मीटरचा तरंगता दोर, टोकाला फेंडर (बोटीच्या कडेला लावायचा हवेचा फुगा) बांधून. प्रवाहाने कुणी मागे सरकला तर तो दोर हातात येतो. हे चांगल्या पोहणाऱ्यांसाठीही आहे, प्रवाह काही पदकं बघत नाही.

डिंगीत मात्र सहाही जणांनी जॅकेट घालायचं, आणि इंजिनाशी बसलेल्याने बंद करायची लाल दोरी मनगटाला अडकवायची. अपघात मोठ्या बोटीपेक्षा डिंगीतच जास्त होतात, रात्री जेवून परत येताना. डिंगी चालवायचं काम या न पोहणाऱ्या दोघांपैकीच एकाला शिकवा. तो घाबरट असतो, हळू चालवतो, दोरी विसरत नाही, आणि किनाऱ्यावर जायचं असलं की बाकीच्या पाच जणांना त्याचीच मनधरणी करावी लागते.